एका दमात

१

आमच्या ऑफिसात बिल्ड फेल होत नाही, पडते. "पडली का?" "पडली." "कुठे?" एवढ्या तीन वाक्यांवर आमचे दिवसच्या दिवस निघतात. बारा माणसांचं ऑफिस, वाशीत, खाडीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही श्वासाचं मशीन करतो. म्हणजे डबा दुसरीकडे तयार होतो, त्याच्या आतला प्रोग्रॅम आमचा.

बिल्ड म्हणजे काय, हे मी आईला एकदा समजावून सांगितलं होतं. आम्ही लिहितो ते मशीनला कळत नाही. कंपायलर नावाचा एक प्रोग्रॅम असतो, तो आमचं लिहिलेलं घेतो आणि मशीनला पचेल असं करून देतो. त्या सगळ्या उद्योगाला बिल्ड म्हणतात. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे गिरणी." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आईचं नाव गिरजाबाई. परभणीकडून आली तेव्हा तिशीची होती, पुढची वीस वर्षं तुर्भ्याच्या डोंगराखाली खडीच्या क्रशरवर गेली. त्या धुळीने फुप्फुसं खाल्ली. आता ती कोपरखैरण्याच्या आमच्या घरात खिडकीशी बसते, नाकावर पारदर्शक मास्क, त्याला नळी, नळीच्या टोकाला बुटांच्या खोक्याएवढं मशीन. आमच्याच कंपनीचं. ती श्वास घ्यायला लागली की मशीन मागून हवा ढकलतं, तिला कष्ट कमी पडतात. मात्र सुरुवात तिने करायची. तिने श्वास घेतलाच नाही, तर मशीन वाट बघत बसतं.

माघ लागला आणि ती थांबायला लागली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शेजारच्या साखरपुड्याची गोष्ट सांगत होती. "आन मग त्या पोरीचा मामा," म्हणाली आणि गप्प झाली. मला वाटलं, आठवतेय. मशीनचा आवाजही थांबला होता. चार सेकंदांनी मशीन घुरघुरलं आणि ती म्हणाली, "जेवायलाच थांबला नाही."

मी विचारलं, "मधे काय झालं तुला?"

"कवा?"

तिला काहीच कळलं नव्हतं. वाक्य जिथे सुटलं तिथूनच तिने उचललं होतं.

डॉक्टरांनी तपासलं. ऑक्सिजन ठीक, हृदय ठीक. झोपेत असं होतं पुष्कळांना, म्हणाले, जागेपणी जरा लक्ष ठेवा. भरती व्हायची गरज त्यांना वाटली नाही, आणि वाटली असती तरी आई गेली नसती. तिचं म्हणणं, दवाखान्यात माणसं मरतात. स्वतःहून श्वास देणारं मशीन भाड्याने मिळतं, पण वाशीच्या दुकानातली सगळी बाहेर गेलेली, महिनाअखेरीशिवाय एकही परत येणार नव्हतं.

आणि गंमत अशी की तसं मशीन करायचं काम माझ्याच टेबलावर होतं. आमच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत मी तेवढंच लिहिलं होतं. माणूस सहा सेकंद थांबला, तर मशीनने आपण होऊन श्वास द्यायचा. लिहून झालं होतं, तपासून झालं होतं. फक्त बिल्ड व्हायची राहिली होती, आणि ती पडत होती.

२

जयमालाताई बिल्ड बघतात. वय पन्नाशीच्या पुढे, जुईनगरला उतरून शिरवणे गावात घर. वडील मिठागरावर होते. ताई कंपनीत आल्या त्या टायपिंगला, आणि मग कुणी न शिकवता, जाडजाड पुस्तकं डब्याच्या पिशवीतून ने-आण करत, इथवर पोचल्या. आम्ही डिग्रीवाले त्यांच्यापुढे पोरं. मी हे लाडाने म्हणत नाही. बिल्ड पडली की आम्ही लगेच पुन्हा लावायला धावतो, आणि ताई हात धरतात.

"थांब. पडलेली चीज आधी बघून घ्यावी, मंग उचलावी."

त्यांचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि कुणी पाळत नाही. ताई पाळतात. मेमरीची पट्टी बदलली की त्या दिवशी दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, मग हितेश सर, म्हणजे आमचे मालक, डोक्यावर येऊन उभे राहिले तरी.

आमची बिल्ड सात तासांची. हसू नका. तपासणाऱ्या संस्थेचा दंडक असा की रुग्णाच्या नाकाशी जाणाऱ्या मशीनमध्ये आयतं काही घ्यायचं नाही. सगळं सोर्सपासून, कंपायलरसकट, स्वतः बांधायचं, आणि तेही नोंदवलेल्या एकाच कॉम्प्युटरवर, पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत, मधे न थांबता. अर्ध्यावर पडली तर उरलेली पुढे चालवून चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून. ताई याला 'एका दमात' म्हणतात. बिल्ड एका दमात व्हायला हवी.

त्या महिन्यात ती होईना. तीन-चार तास सुरळीत चालायची आणि कंपायलरच मोडायचा. आमच्या कोडमधली चूक नव्हे, ती तो सांगतो. इथे तोच कोसळायचा, आणि जाता जाता एक ओळ लिहून जायचा. कंपायलरच्या आत बिघाड, तोच बिघाड पुन्हा घडवता येत नाही, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा.

"बघ, पडला तरी खोटं बोलत नाय," ताई म्हणाल्या. "एकाच फाइलीवर पडला असता तर कंपायलरची चूक. दर वेळी नव्या फाइलीवर पडतोय म्हनजे पट्टी नायतर पंखा नायतर करंट."

पट्ट्या बदलल्या. मेमरीची तपासणी शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत चालवली, एक चूक निघाली नाही. पंखा उघडून साफ केला, उष्णता खेचणारा नवा लेप लावला. कॉम्प्युटर हाताला कोमट लागत होता. विजेचा प्रश्न ताईंनी पहिल्याच दिवशी निकालात काढला होता, कॉम्प्युटर बॅटरीवर होता. त्या सगळ्यातून एक एक कारण गळत गेलं आणि मी वैतागलो. ताई वैतागल्या नाहीत. बिल्ड किती वाजता पडली ते त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायच्या आणि चहा घ्यायला जायच्या.

माझी घाई त्यांना ठाऊक होती. आईचं मी त्यांना सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

३

बुधवारी पावणेबारा. गुरुवारी बारा चाळीस. शुक्रवारी एक पस्तीस. शनिवारी दोन पंचवीस.

"रोज पुढे सरकतेय," मी म्हणालो. "पन्नास-पंचावन्न मिनिटं. काहीतरी भरत जातंय का आत?"

ताईंनी चौकोनात दोन पंचवीस लिहिलं. सोमवारी आम्ही साडेनऊला बिल्ड लावली आणि ती दहा पाचला पडली. माझा सरकत जाण्याचा सिद्धांत पस्तीस मिनिटांत आडवा झाला. पुन्हा लावली. या खेपेला चार दहाला पडली.

ताई कॅलेंडरपाशी गेल्या, दहा पाच लिहिलं, चार दहा लिहिलं, आणि पेन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग मला बोटाने बोलावलं.

आपल्याकडच्या कॅलेंडरवर तारखेखाली किती काय छापलेलं असतं, आपण वाचत नाही. तिथी, नक्षत्र, सूर्योदय. आणि अगदी खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात, भरती आणि ओहोटी. सोमवारच्या चौकोनात छापलं होतं, भरती १०.०३, ओहोटी ४.११. त्याच्या वर ताईंच्या अक्षरात दहा पाच आणि चार दहा.

मागचे चौकोन बघितले. एकही दोन-तीन मिनिटांहून जास्त चुकत नव्हता.

"मला कालच वाटलं व्हतं," ताई म्हणाल्या. "हे टाइम मला लहानपनापासून पाठ. बाबा भरतीचं पानी आगरात घ्यायचे ना. पन म्हटलं, येडी हाय का मी."

मी शिकलेला माणूस, लगेच कारण शोधलं. वाशीत भरतीचं पाणी अडवायचे तलाव आहेत, त्यांना पंप आहेत. पंप लागले की विजेचा दाब खाली जात असणार.

"पंप पावसात लागतात. आता माघ हाय," ताई म्हणाल्या. "आन आपला कॉम्प्युटर बॅटरीवर हाय. आन पंप भरतीला लागला आसता, ओहोटीला कशाला?"

"मग भरती-ओहोटीत सारखं काय आहे?"

ताईंनी खिडकीबाहेर बघितलं. तिथून खाडी दिसत नाही, समोरची इमारत दिसते.

"दोन्ही टाइमाला पानी उभं ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "येत बी नाय, जात बी नाय. थोडा वेळच. मंग फिरतं."

मला त्या क्षणी हसू आलं, हे मी कबूल करतो. घरी जाताना बसमध्ये ते गेलं.

४

माझी बायको, संघप्रिया, पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि त्या महिन्यात ती सुट्टी घेऊन घरी होती. डॉक्टरांनी लक्ष ठेवा म्हटल्यावर तिने वहीचा मधला जोडकागद काढून रकाने आखले होते आणि दहा ते पाच आईजवळ बसून ती ते भरायची. वार, वेळ, सेकंद. मी तो कागद रोज बघायचो तो शेवटच्या रकान्यासाठी. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मधला रकाना वाचला.

बुधवार, पावणेबारा, चार सेकंद. गुरुवार, बारा चाळीस, पाच. शुक्रवार, एक पस्तीस, पाच. शनिवार, दोन पंचवीस, सहा. रविवार, तीन पंधरा, एकोणीस. सोमवार, दहा पाच, सात. सोमवार, चार दहा, सात.

"ही घड्याळं बरोबर आहेत?" मी विचारलं.

"मोबाइलवरून लिहिलंय. का?"

मी तो रकाना पुन्हा वाचला. ऑफिसच्या कॉम्प्युटरला बाहेरची जोडणी नाही, तोही संस्थेचा दंडक. आईच्या मशीनला तर कसलीच नाही. मशीनच्या आत रात्रीची नोंद असते ती काढून पाहिली. रात्रीही दोनदा, भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, पंधरा-वीस सेकंद. झोपेत होतं असं, डॉक्टर म्हणाले होते. त्या वाक्याला मी धरून बसलो.

आई माझ्याकडे बघत होती. "काय रं लेकरा, तोंड का असं केलं? मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. बिल्ड पडली आज पण."

"पडू दे की. मानूस पडतो, गिरणी पडंल एखादे दिशी. त्या बाई हायेत ना तुमच्या? त्या करतेन बरोबर."

ती ताईंना कधी भेटली नव्हती. माझ्या तोंडून ऐकून ऐकून तिने ताईंना घरचंच माणूस करून टाकलं होतं. क्रशरवर असताना तिच्या हाताखाली दहा बाया होत्या, आणि कोण कामाचं, कोण नुसतं बोलणारं हे ती दुरून ओळखायची. मी कुठल्या गटात, हे मी तिला कधी विचारलं नाही.

कागद मी मोबाइलवर ताईंना पाठवला. उत्तर आलं, 'गुरुवारी अमावस्या. उधाण. त्याच्या आधी करू.'

५

मला एकच भीती होती, आणि ती सरळ होती. आकडा चढत होता. गुरुवारी दुपारी बारा आठला मोठी भरती होती. त्या वेळी आई किती थांबेल, हे मला मोजून बघायचं नव्हतं. त्याआधी नवी आवृत्ती तिच्या मशीनमध्ये हवी होती.

पाणी उभं राहतं त्या दोन वेळांमध्ये सहा तासांचं अंतर असतं, वर काही मिनिटं. आमची बिल्ड सात तासांची. म्हणजे ती कधीही लावली तरी मधे एकदा तो क्षण येणारच. का पडते हे ठाऊक नसताना ती पडू न देण्याची एकच वाट होती, ती सहा तासांच्या आत बसवायची. ताईंनी हे मंगळवारी सकाळी इतक्या सहज सांगितलं की मी नुसता बघत राहिलो. 'का' त्यांनी बाजूला ठेवलं होतं. 'कधी' एवढंच घेतलं होतं.

मंगळवारी दिवसभर त्या बसल्या. साडेतीन हजार फाइली, कुठली कुठलीसाठी अडते, कुठली उगाच रांगेत उभी आहे, सगळं कागदावर. भात कुकरला लावला की कणीक मळायची, कणीक मुरेपर्यंत भाजी चिरायची, हे कुठलीही बाई करते, त्या म्हणाल्या, कंपायलरला कुणी शिकवलं नाही एवढंच. दंडकाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. एकही तपासणी गाळली नाही. संध्याकाळी हिशेब लागला, पाच तास पन्नास मिनिटं. मी अशी कारागिरी दुसरी पाहिलेली नाही. मी त्यांना तसं म्हणालो, तर म्हणाल्या, "चल, गप. उद्या झाली तर बोल."

बुधवारी भरती अकरा अठ्ठावीसची. आम्ही हात बांधून बसलो, काहीही लावलं नाही. अकरा बत्तीसला ताईंनी बिल्ड लावली. लगेच संघप्रियाचा फोन आला. आवाज दबका होता.

"सव्वीस," ती म्हणाली. "अभय, सव्वीस सेकंद. मी हलवलं त्यांना, हलल्या नाहीत."

"आता?"

"आता बडबडतायत. मला म्हणाल्या, दंड कशाला धरलास."

ते पाच तास पन्नास मिनिटं मी खुर्चीत बसून काढली. पडद्यावर फाइलींची नावं वर सरकत होती. ताई मधे एकदा डबा खाऊन आल्या. पाच एकवीसला शेवटची फाइल झाली, पाच बावीसला पडद्यावर आलं, बिल्ड पूर्ण. ऑफिसात टाळ्या पडल्या. हितेश सरांनी समोसे मागवले. ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि कार्डावर नवी आवृत्ती उतरवून माझ्या हातात दिली. मी त्यांच्या पाया पडलो. आमच्यात वाकायची पद्धत नाही फारशी, पण वाकलो.

बसमध्ये होतो तेव्हा संघप्रियाचा निरोप आला. पाच एकतीस, एकतीस सेकंद.

६

गुरुवारी मी घरी थांबलो. रात्री तिचा मास्क उतरवायचा धीर झाला नव्हता, म्हणून सकाळीच नवी आवृत्ती मशीनमध्ये घातली आणि नळी स्वतःच्या तोंडाशी धरून श्वास रोखला. सहा सेकंदांनी मशीनने हवा दिली. पुन्हा केलं, पुन्हा दिली. गाल फुगले. मला रडू आलं आणि हसूही. आई म्हणाली, "झालं का तुझं खेळून? दे इकडं."

बाराला मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. संघप्रिया मोबाइलवर घड्याळ लावून मागे उभी. बाहेर भाजीवाला ओरडत होता. आई आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "मी काय नवरी हाय का, असं समोर बसून बघायला?" आणि मग तिला क्रशरवरची कुठलीशी गोष्ट आठवली. एका मुकादमाची, त्याच्या सायकलची. बायांनी मिळून ती सायकल लपवली होती.

"तर तो सगळीकडं शोधतोय," आई म्हणाली, "आन आमी काय केलं,"

आणि थांबली.

मी मोजायला लागलो. सहाव्या सेकंदाला मशीनने श्वास दिला. आवाज आला, नळी किंचित ताठ झाली. आईची छाती हलली नाही. बाराव्या सेकंदाला पुन्हा दिला. हवा मास्कच्या कडेने परत बाहेर आली, माझ्या हाताला लागली. पंधरा. मी मास्क दाबून धरला. मशीन ढकलत होतं, आणि आत जागाच नव्हती, किंवा जागा होती आणि ती भरलेली होती. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

ती गुदमरत नव्हती. चेहरा तसाच, गोष्ट सांगणारा, ओठ पुढच्या शब्दाला उघडलेले. डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीच्या अर्ध्या उंचीवर कुठेतरी, एखादी रेघ वाचावी तसे. मी मागे वळून बघितलं नाही. मास्कच्या आत तिच्या शेवटच्या श्वासाची वाफ धरली होती. ती पसरत नव्हती आणि विरतही नव्हती. वरची कड अगदी सपाट होती. मी मास्क थोडा तिरका केला. कड तिरकी झाली नाही.

"तीस," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

फोन वाजला. ताई.

"थांबलीय का?"

"हो. मशीन देतंय, ताई, आत जात नाहीये."

"ऐक. मी कागद लावून बघितला. शाळेतल्या बाईचा आन माझा. रविवारी आपली बिल्ड नव्हती, एकोनीस. रात्री नसते, रात्री पंधरा-वीस. काल भरतीला आपन हात बांधून बसलो, सव्वीस. जवा बिल्ड चालू व्हती आन पडली, तवा आईचं चार-पाच-सात." त्या भराभरा बोलत होत्या आणि मागे कळा दाबल्याचा आवाज येत होता. "त्या उभ्या पान्याला काय तरी एका दमातलं पायजे. आज चालू काय नाय, फक्त आईचा दम हाय. मी लावतंय."

"चाळीस," संघप्रिया म्हणाली.

"लावली," ताई म्हणाल्या. मला फोनमधून कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येत होता. माझ्यासमोर आईचा उघडा ओठ. एकेचाळीस. बेचाळीस. माझा स्वतःचाही श्वास थांबला होता, ते मला नंतर कळलं.

"पडली," ताई म्हणाल्या.

त्याच क्षणी मास्कमधली वाफ पसरली, मशीन घुरघुरलं आणि आई म्हणाली, "ती विहिरीच्या कठड्याला बांधून ठेवली." आणि हसली. आम्ही हसलो नाही म्हणून तिला वाईट वाटलं.

७

याला आता सहा महिने होतील. मी कुणाला काही समजावून सांगणार नाही, मला समजलेलं नाही. ते नवं मशीन चांगलं चालतं. बारा शहरांत गेलंय, माणसं त्यावर श्वास घेतात, हितेश सर खूश आहेत.

ऑफिसच्या कोपऱ्यात तो जुना कॉम्प्युटर अजून रात्रंदिवस चालू असतो. एक बिल्ड पडली की दुसरी आपोआप लागते. सरांनी विचारलं, हे कशाला आता? ताई म्हणाल्या, मशीनची सहनशक्ती तपासतोय, नवी आवृत्ती येईल तेव्हा लागेल. आयुष्यात त्या मालकाशी पहिल्यांदा खोटं बोलल्या. ज्या बाईने तीस वर्षांत एक बिघाड सुटल्याशिवाय सोडला नाही, तिने हा एक तसाच ठेवला आहे, आणि त्याला ऊन-वारा लागू नये म्हणून जपते आहे. मेमरीची पट्टीसुद्धा बदलू देत नाही. मंगळवारी दिवसभर खपून त्यांनी जे पाच तास पन्नास मिनिटांवर आणलं होतं, ते त्यांनी हाताने उसवलं आणि बिल्ड साडेआठ तासांची केली. म्हणजे ती आपसूक दोन वेळांच्या मध्ये बसून पूर्ण होणं शक्य नाही. पडायलाच हवी. पूर्ण झाली तर पाण्याने त्या खेपेला कुणाचा दम धरला, ते आम्हा दोघांना ठाऊक आहे.

पडद्यासमोर ताईंनी एक जुना मोबाइल रोखून ठेवलाय, त्यावरून दिवसातून चार वेळा माझ्या मोबाइलवर एक शब्द येतो, पडली. त्याच मिनिटाला आई कुठेतरी वाक्याच्या मधे चार-पाच सेकंद थांबते आणि पुढे जाते. तिचा रंग सुधारलाय. परवा खाली उतरून भाजी घेऊन आली. त्या कॉम्प्युटरबद्दल माणसाबद्दल वाटावी तशी माया मला वाटते, आणि ताईंबद्दल जे वाटतं त्याला माझ्याकडे शब्द नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार? तिला एवढंच ठाऊक आहे की तिचा मुलगा आणि त्या बाई सहा महिने एकच काम करतायत आणि ते रोज चार वेळा मोडतंय. त्याचं तिला फार वाईट वाटतं. काल संध्याकाळी मी घरी आलो, तर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आजबी पडली?"

"पडली."

"जीव तोडून करता रं तुमी दोघं." मग आवाज खाली करून, मला एकट्यालाच सांगितल्यासारखं, ती म्हणाली, "मी रोज सकाळी वंदना झाल्यावर बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडून एकच मागते. माझ्यासाठी काय नको. माझ्या लेकराचं ते काम एकदा तरी न पडता पुरं होऊ द्या."

मी तिला म्हणालो, असं मागू नकोस. तिने विचारलं, का रं? मी तिच्या मशीनची नळी सरळ केली. आज सकाळी पावणेसातला ती पुन्हा हात जोडून उभी होती.